टेड विल्यम्ससमोर रिकामं सोडलेलं डावं मैदान: १९४६ च्या बूड्रो शिफ्टचं प्रकरण

बेसबॉलमध्ये शिफ्टचा, म्हणजे बॅटर जिकडे जास्त मारतो त्या बाजूला फिल्डर सरकवण्याचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतंच, अहो अर्धं मैदान मोकळं पडलंय ना, मग तिकडे मारायला काय जातंय? प्रश्न रास्त वाटतो, क्रिकेट बघत मोठं झालेल्या माणसाला तर जास्तच, कारण गॅप दिसला की बॉल तिथे ढकलून एक रन पळायची हे गल्लीतल्या पोरालाही कळतं. पण हाच प्रश्न १९४६ साली अमेरिकेतल्या तेव्हाच्या सगळ्यात भारी बॅटरला महिनोन्‌महिने विचारला गेला आणि त्याने बहुतेक वेळा सरळ दुर्लक्ष केलं. हट्टी होता हे नक्की. पण चुकत होता का? ते बघायचं तर जुलै ते ऑक्टोबर १९४६ एवढा तुकडा नीट उलगडून बघावा लागतो, कारण माझ्या मते जुलैचं उत्तर वेगळं आहे आणि ऑक्टोबरचं वेगळं, आणि लोक दोन्हीला एकाच मापाने मोजतात.

आधी माणसं. टेड विल्यम्स, बोस्टन रेड सॉक्स, डावखुरा बॅटर. १९४१ मध्ये याने ०.४०६ च्या सरासरीने सीझन संपवला, म्हणजे अधिकृत शंभर संधींमध्ये चाळीसहून जास्त हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं), आणि त्यानंतर मेजर लीगमध्ये ०.४०० कुणालाच जमलेलं नाही. मग १९४३, ४४, ४५ हे तीन सीझन लष्करात गेले, विमान चालवायचं ट्रेनिंग घेतलं, आणि १९४६ ला परत आला तो जणू मधे काही झालंच नाही असा. समोर लू बूड्रो, क्लीव्हलँड इंडियन्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर, आणि वर मॅनेजरही तोच. वयाच्या २४ व्या वर्षी मॅनेजर झालेला माणूस, म्हणजे डोकं चालवायची सवय आणि पोझिशन बदलायचा अधिकार दोन्ही एकाच जर्सीत. याला मैदानावर काही करून बघायचं असेल तर डगआउटमधल्या म्हाताऱ्याची परवानगी लागत नव्हती, हे पुढे कामाला येतं.

रविवार, १४ जुलै १९४६, बोस्टनचं फेनवे पार्क, डबलहेडर म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ दोन मॅच. पहिल्या मॅचमध्ये बूड्रोने स्वतः कमाल केली, पाच हिट, त्यातले चार डबल (फटक्यावर थेट सेकंड बेस) आणि एक होमर (फटक्यावर चारही बेस फिरून रन), असा दिवस माणसाच्या करिअरमध्ये एकदा येतो. आणि तरी मॅच हरला. ११-१०. कारण समोर विल्यम्सने तीन होमर ठोकले आणि आठ रन एकट्याच्या बॅटवर आले. म्हणजे बघा, तुम्ही आयुष्यातली सगळ्यात भारी बॅटिंग केलीय आणि तरी एक माणूस तुमची मॅच खाऊन गेला, मग दोन मॅचच्या मधल्या वेळात तुमच्या डोक्यात दुसरं काय येणार?

दुसऱ्या मॅचमध्ये सुरुवातीलाच विल्यम्सने डबल मारला. त्यानंतर तो पुन्हा बॅटिंगला आला तेव्हा बूड्रोने इशारा केला आणि क्लीव्हलँडची सगळी फिल्डिंग चालत चालत उजवीकडे निघाली.

हे चित्र जरा सावकाश बघू, कारण सगळी गोष्ट याच्यावर आहे. बॅटरच्या मागे उभं राहून बघायचं, उजव्या हाताला फर्स्ट बेस, समोर सेकंड, डाव्या हाताला थर्ड. डावखुरा बॅटर जोरात ओढून मारतो तेव्हा बॉल उजवीकडे जातो. पिचर आणि कॅचर तर जागेवरून हलू शकत नाहीत, उरले सात. नेहमी इनफिल्डचे चौघं दोन-दोन करून सेकंड बेसच्या दोन बाजूंना असतात आणि आउटफिल्डचे तिघं मागे पसरलेले. बूड्रोने काय केलं, फर्स्ट बेसमनला लाइनला चिकटून मागे नेलं, सेकंड बेसमनला आणखी मागे थेट राइट फिल्डच्या गवतात, स्वतः शॉर्टस्टॉपची जागा सोडून फर्स्ट आणि सेकंडच्या मधे जाऊन उभा राहिला, आणि थर्ड बेसमनला सेकंड बेसच्या मागे आणला. राइट फिल्डर लाइनकडे, सेंटर फिल्डर सरकून राइट सेंटरला. डाव्या अर्ध्या मैदानात एकटा लेफ्ट फिल्डर, तोही नेहमीपेक्षा बराच पुढे, शॉर्टस्टॉपच्या जागेच्या थोडा मागे. थर्ड बेसवर चिटपाखरू नाही.

विल्यम्स हे बघून हसला म्हणतात. मग बॅट फिरवली आणि ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा बॉल, गेला तो थेट बूड्रोच्या हातात. उरलेल्या वेळी वॉक मिळाले, म्हणजे चार खराब बॉल पडल्यावर फुकटचा फर्स्ट बेस. रेड सॉक्सने ती मॅचही जिंकली, ६-४. म्हणजे त्या दिवशी हिशोब केला तर शिफ्टची कमाई एक आउट, आणि तरी दुसऱ्या दिवसापासून चर्चा त्याचीच.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, बूड्रोच्या नावाने ही शिफ्ट ओळखली जात असली तरी कल्पना त्याची एकट्याची नाही. १९२० च्या दशकात साय विल्यम्स नावाच्या फिलाडेल्फियाच्या डावखुऱ्या बॅटरसाठी फिल्डिंग अशीच उजवीकडे सरकवायचे, आडनाव तेच हा निव्वळ योगायोग. आणि खुद्द टेडविरुद्ध १९४१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या जिमी डाइक्सने असाच प्रकार करून पाहिला होता. बूड्रोने फक्त ती टोकाला नेली, आणि अशा दिवशी नेली की सगळ्या देशाने बघितली. स्वतः बूड्रो नंतर हे मैदानी डावपेचापेक्षा डोक्याशी खेळणं जास्त होतं असंच मानायचा, आणि मला वाटतं या सगळ्यात सगळ्यात प्रामाणिक मत तेच आहे.

आता मूळ प्रश्न. डावीकडे का मारायचं नाही?

क्रिकेटवाल्यांची पहिली अडचण इथे होते की आपल्याकडे मैदान ३६० अंशांचं, बॅट चपटी, फेस जरा उघडला की बॉल थर्डमॅनला. बेसबॉलमध्ये फेअर मैदान फक्त ९० अंश, बाकी सगळं फाउल. बॅट गोल. बॉल साडेसाठ फुटांवरून येतो, ताशी ९० मैलाचा असेल तर हातात सेकंदाच्या चार दशांशाइतका वेळ. त्यात तो वळतो, खाली पडतो. एवढ्यात नुसता बॉल नीट लागला तरी पुष्कळ, त्यात पुन्हा दिशाही ठरवून मारायची म्हणजे बॉल थोडा उशिरा, शरीराजवळ येऊ देऊन मारायचा, आणि त्यासाठी जी जोरकस ओढ हा विल्यम्सचा मुख्य धंदा होता तीच सोडायची. आणि पिचर काय झोपलेला असतो का? फिल्डिंग उजवीकडे लावली की पिचर बॉल आतल्या बाजूला, हातांच्या जवळ टाकतो, कारण आतला बॉल डावीकडे मारणं सगळ्यात अवघड. शिफ्ट ही सात फिल्डरची चाल म्हणून सांगतात पण आठवा माणूस पिचर आहे, तो साथ देत नसेल तर ती चालतच नाही.

दुसरी गोष्ट, जी बरेच लोक विसरतात. जमिनीवरचे बॉल आणि हवेतले बॉल सारखे वागत नाहीत. बॅट वर्तुळात फिरते, बॉल लवकर, शरीराच्या पुढे लागला की मनगटं वळलेली असतात, बॅट बॉलच्या वरच्या अंगाला घासते आणि ग्राउंडर ओढीच्या बाजूला जातो. उशिरा लागला की बहुतेक वेळा बॅट बॉलखाली असते, बॉल हवेत उडतो आणि उलट्या बाजूला जातो. म्हणून बऱ्याच बॅटरचे ग्राउंडर एकाच बाजूला दाटीने जातात आणि उंच बॉल मैदानभर पसरतात. इनफिल्डला एका बाजूला गर्दी करण्यात फायदा का आहे हे यातच आहे, डावीकडे सोडलेली जागा दिसायला प्रचंड असते पण तिथून ग्राउंडर मुळात कमीच जाणार असतात. रिकामी जागा म्हणजे फुकटची हिट असं नाहीच ते.

मग राहतो बंट, म्हणजे बॅट आडवी धरून बॉल हळूच थर्ड बेसकडे ढकलायचा आणि पळायचं. तिथे कुणीच नाही, पिचरला धावत यावं लागणार. ही तर फुकट हिट आहे ना?

इथे मी आकडे काढून बसलो, कारण या केसमध्ये भावना खूप आणि हिशोब कमी असतो. १९४६ च्या पूर्ण सीझनमध्ये विल्यम्स ६७२ वेळा बॅटिंगला आला. ५१४ अधिकृत संधी, १७६ हिट, त्यात ३७ डबल, ८ ट्रिपल, ३८ होमर, वर १५६ वॉक. सरासरी ०.३४२, बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.४९७, म्हणजे जवळजवळ दर दोन वेळातून एकदा बेसवर. आता हिटमधून मिळालेले बेस मोजले तर ३४३, त्यात वॉकचे १५६ टाका, झाले ४९९. म्हणजे दर शंभर वेळा बॅटिंगला आला की साधारण ७४ बेस. आणि हे सगळं शिफ्ट लागलेले महिने धरून. आता समजा तो शंभरच्या शंभर वेळा बंट करतोय आणि साठ वेळा यशस्वी होतोय, जे बंटसाठी चांगलंच यश म्हणायचं, तर मिळाले ६० बेस. बेसवर पोचण्याचं प्रमाण पन्नासवरून साठ झालं, छान, पण डबल गेले, होमर गेले, एकूण बेस ७४ चे ६० झाले. बरोबरीत यायला शंभरात ७४ बंट यशस्वी व्हायला हवेत. हिशोब ढोबळ आहे, वॉक आणि सिंगल एकाच भावाने धरलेत, कुठला रनर कुठल्या बेसवर आहे ते धरलेलंच नाही, पण दिशा कळते. बूड्रोला बंट हवाच होता. विल्यम्सने सिंगल घेतला की क्लीव्हलँडच्या डगआउटमध्ये सुटकेचा निःश्वास.

म्हणून जुलैमध्ये विल्यम्स हट्टाने उजवीकडेच मारत राहिला ते मला बरोबर वाटतं. त्याचं कारण त्याच्या तोंडी बहुधा स्वाभिमान असेल, पण हिशोब त्याच्या बाजूने होता.

बंटचा खरा उपयोग मात्र वेगळा होता आणि तो त्याने वाया घालवला असं माझं मत. बंट हिट मिळवायला नाही, धाक बसवायला करायचा असतो. चार-पाच मॅचमधून एकदा केला, थर्ड बेसच्या रिकाम्या बाजूने आरामात पळून सिंगल घेतला, की थर्ड बेसमनला परत जागेवर पाठवावंच लागतं, आणि एक माणूस कमी झाला की उजवीकडची भिंत विरळ होते. एखाद-दुसरा सिंगल म्हणजे पुढच्या पंचवीस वेळांसाठीची गुंतवणूक. हे त्याला कळत नव्हतं असं समजू नका, बॅटिंगचा याच्याइतका अभ्यास त्या काळात क्वचितच कुणी केला असेल. त्याला तसं करणं कमीपणाचं वाटायचं, एवढंच.

आणखी एक खटकणारा भाग, तो फेनवेचा. विल्यम्सचं घरचं मैदान असं की डावीकडची भिंत ३७ फूट उंच पण जेमतेम ३१० ते ३१५ फुटांवर (तेव्हा ती हिरवी नव्हती, जाहिरातींनी भरलेली होती, हिरवी झाली १९४७ मध्ये), आणि उजवीकडे लाइनला ३०२ फूट असलं तरी तिथून भिंत भराभर लांब जाते आणि राइट फिल्डच्या बुलपेनपर्यंत (राखीव पिचर तयार होतात ती जागा) ३८० फूट. म्हणजे घरी खेळताना डावीकडे उचललेला साधा फ्लाय बॉलही भिंतीवर आपटून डबल होऊ शकतो. डावखुऱ्या बॅटरने उलट्या दिशेला मारायला शिकायचं तर यापेक्षा चांगली शाळा अख्ख्या अमेरिकेत नव्हती. आणि हा पठ्ठ्या सीझनच्या निम्म्या मॅच तिथे खेळून उजवीकडेच बघायचा.

तरी त्याला डावीकडे मारता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये, कारण सप्टेंबर.

शुक्रवार, १३ सप्टेंबर १९४६, क्लीव्हलँडचं लीग पार्क, समोर पुन्हा बूड्रोचीच टीम. रेड सॉक्स पेनंटच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अगदी दारात होते आणि विजयच मिळत नव्हता, मॅचवर मॅच हरत होते. पहिल्याच इनिंगमध्ये विल्यम्स आला, शिफ्ट लागली, लेफ्ट फिल्डर पॅट सीरी बराच पुढे उभा. गंमत बघा, लीग पार्कमध्ये उजवीकडची भिंत फक्त २९० फुटांवर होती, म्हणजे डावखुऱ्याला ओढायचा मोह व्हावा असंच मैदान, आणि यावेळी या माणसाने बॉल डावीकडे उचलला, सीरीच्या डोक्यावरून. मागे कुणीच नाही, बॉल घरंगळत गेला तो गेलाच, आणि विल्यम्स, जो पळण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता, तो चारही बेस फिरून घरी आला. त्याच्या ५२१ होमरपैकी मैदानातल्या मैदानात पळून झालेला हा एकमेव. मॅच १-० अशी संपली, बोस्टनचा पिचर टेक्स ह्यूसनने एकही रन दिली नाही, पेनंट बोस्टनचा.

एका रनची मॅच, आणि ती रन शिफ्टने दिलेली. माझ्या मते हा त्याच्या उत्तरातला सगळ्यात चांगला नमुना, कारण इथे त्याने स्विंग सोडला नाही, बंट केला नाही, फक्त योग्य बॉल थोडा उशिरा मारला आणि हवेत मारला. लेफ्ट फिल्डर पुढे उभा आहे म्हणजे त्याच्या मागचं सगळं रान मोकळं आहे, ही शिफ्टची खरी भेग होती. थर्ड बेसची रिकामी जागा हे गाजर, तिच्याकडे सगळे बघत बसतात.

आता ऑक्टोबर, आणि इथे प्रकरण बिघडतं.

दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगमध्ये सेंट लुइस कार्डिनल्स आणि ब्रुकलिन डॉजर्सची बरोबरी झाली, तीन मॅचचा प्लेऑफ ठरला, त्यामुळे रेड सॉक्सला थांबावं लागलं. हातपाय आखडू नयेत म्हणून सरावाच्या मॅच ठेवल्या आणि त्यात वॉशिंग्टनच्या मिकी हेफनरचा बॉल विल्यम्सच्या उजव्या कोपरावर बसला. कोपर सुजलं. डावखुऱ्या बॅटरचा उजवा हात म्हणजे बॅट ओढणारा पुढचा हात. विश्रांती नाही, वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांची फायनल, आली.

कार्डिनल्सचा मॅनेजर एडी डायर. त्याने बूड्रोची नक्कल केली पण जरा शहाणपणाने, शॉर्टस्टॉप मार्टी मॅरियनला डाव्या बाजूलाच राहू दिलं आणि थर्ड बेसमन व्हायटी कुरॉव्स्कीला सेकंडच्या उजवीकडे नेलं. म्हणजे उजवीकडे तिघं झालेच, पण डावीकडे राहिला तो टीममधला सगळ्यात चपळ फिल्डर. शिफ्ट लावणाऱ्या टीमनी पुढे नेमकं हेच केलं, तीन एका बाजूला आणि एक चांगला माणूस दुसऱ्या बाजूला. बूड्रोचं रूप नाट्यमय, डायरचं टिकाऊ.

तिसऱ्या मॅचला सिरीज फेनवेला आली. पहिल्या इनिंगमध्ये कार्डिनल्सनी विल्यम्सला जाणूनबुजून वॉक दिला आणि पाठोपाठ रेड सॉक्सच्या रूडी यॉर्कने तीन रनचा होमर मारला, त्याची किंमत लगेच मोजली. नंतरच्या एका वेळी विल्यम्सने थर्ड बेसकडे बंट केला आणि सिंगल मिळवला. प्रेक्षक वेडे झाले. पेपरमध्ये त्या बंटचं हेडिंग झालं, यॉर्कचा होमर आणि ४-० चा विजय बाजूला राहिला आणि विल्यम्सने बंट केला ही बातमी! यावरून समजा की वातावरण काय होतं, एखाद्या राजाने मान खाली घातल्यासारखं लोक त्याकडे बघत होते, आणि त्याला नेमकं हेच टोचत असणार.

शेवटी आकडा काय, २५ संधी, ५ हिट, पाचही सिंगल, ५ वॉक, ५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट), एक रन बॅटवर. सरासरी ०.२००. सातव्या मॅचमध्ये चारपैकी शून्य. आठव्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या डॉम डिमॅजिओने डबल मारून ३-३ केलं आणि तो पळताना लंगडला, पुढे विल्यम्स आउट झाला, आणि त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात कार्डिनल्सचा इनॉस स्लॉटर फर्स्ट बेसवरून पळत सुटला तो थेट घरी, ४-३, सिरीज कार्डिनल्सची. ही विल्यम्सच्या आयुष्यातली एकमेव वर्ल्ड सिरीज. त्याला पुन्हा संधी मिळालीच नाही.

लोकांनी निष्कर्ष काढला, शिफ्टने टेडला संपवलं. मला हे अर्धंच पटतं. एक तर २५ संधी म्हणजे काहीच नाही, त्याच सिरीजमध्ये कार्डिनल्सच्या स्टॅन म्युझियलची सरासरी ०.२२२ होती आणि त्याच्यासाठी कुणी फिल्डिंगची अशी उलथापालथ केली नव्हती. दुसरं, पाच स्ट्राइकआउट आहेत त्यात फिल्डर कुठेही उभे असते तरी काय फरक पडला असता? आणि कार्डिनल्सच्या हॅरी ब्रेकीनने त्या सिरीजमध्ये तीन मॅच जिंकल्या, तोही डावखुरा पिचर, समोरचा कितीही मोठा बॅटर असला तरी चांगली पिचिंग ती चांगलीच.

पण जो अर्धा पटतो तो असा. वरचा ७४ बेसचा हिशोब निरोगी कोपराचा होता. बंट न करण्याचं, डावीकडे हळू न ढकलण्याचं कारण एकच होतं, की तसं केल्यानं त्याची ताकद वाया जाते. ऑक्टोबरमध्ये ती ताकदच नव्हती, सात मॅचमध्ये एकही डबलसुद्धा नाही. आता ओढून मारण्यातून जर सिंगलच मिळणार असतील तर डावीकडे ढकलण्याने गमावण्यासारखं उरलं काय? जुलैमध्ये जो सौदा तोट्याचा होता तो ऑक्टोबरमध्ये फायद्याचा झाला होता, आणि हा माणूस जुलैच्याच भावाने व्यवहार करत राहिला. सात मॅचच्या सिरीजमध्ये एका बंटऐवजी चार-पाच केले असते तर मॅरियन आणि कुरॉव्स्कीला जागा बदलायला भाग पाडता आलं असतं. दुखऱ्या हाताने बंट करणंही काही सोपं नसतं हे मान्य, आतल्या वेगवान बॉलवर तर नाहीच, पण जोरदार स्विंगपेक्षा नक्कीच कमी दुखलं असतं.

त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र विल्यम्सलाच मिळाला, रेड सॉक्सने १०४ मॅच जिंकल्या होत्या. शिफ्टने त्याला संपवलं म्हणणाऱ्यांना हे मोजून सांगावंसं वाटतं. आणि बूड्रोची क्लीव्हलँड त्या वर्षी सहाव्या नंबरावर होती, डोकं कितीही चाललं तरी. बूड्रोने हिशोब चुकता केला १९४८ मध्ये, पेनंटसाठीच्या एका मॅचच्या प्लेऑफमध्ये फेनवेलाच येऊन चारपैकी चार हिट, दोन होमर, ८-३. त्यात शिफ्टचं काही नव्हतं, नुसती बॅट.

विल्यम्सने पुढे काय केलं? शिफ्ट वर्षानुवर्षं मागे लागली. तो हळूहळू डावीकडेही मारायला लागला, आणि १९५७ मध्ये नेहमीपेक्षा जड बॅट घेऊन, म्हणजे स्विंग आपोआप थोडा उशिरा, सीझनची सरासरी काढली ०.३८८. सीझन सुरू झाला तेव्हा वय ३८. करिअरची सरासरी ०.३४४. ज्या माणसाला शिफ्टचं उत्तर सापडलं नाही असं म्हणतात त्याचा हा आकडा आहे, जरा लक्षात असू द्या.

पुढची साठ वर्षं शिफ्ट अधूनमधून दिसायची, मोठ्या डावखुऱ्या बॅटरसाठी. मग डेटा आला. २००६ मध्ये टँपा बेचा मॅनेजर जो मॅडनने रेड सॉक्सच्याच डेव्हिड ऑर्टिझविरुद्ध चार आउटफिल्डर लावले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शिफ्ट ही रोजची भाजी-पोळी झाली. २०२२ मध्ये मेजर लीगमधल्या बॅटिंगच्या साधारण एक तृतीयांश वेळा शिफ्ट होती, डावखुऱ्यांसाठी तर निम्म्याहून जास्त. प्रत्येक बॅटरचा प्रत्येक ग्राउंडर कुठे जातो याचा नकाशा फिल्डरच्या खिशातल्या कार्डावर. विल्यम्सची समस्या आता सगळ्यांची झाली, आणि बहुतेकांचं उत्तरही विल्यम्सचंच निघालं, बंट नाही, उलट्या बाजूला ढकलणं नाही, बॉल हवेत उचला आणि फिल्डिंगच्या वरून मारा. ग्राउंडरच मारायचा नाही म्हटल्यावर इनफिल्ड कुठे का उभं राहीना. पण ७४ बेसचा हिशोब फक्त विल्यम्सला लागू होता. साधारण बॅटरने तोच मार्ग धरला की होमर थोडे वाढतात, स्ट्राइकआउट भरपूर वाढतात आणि सिंगल गायब होतात. २०२२ ची लीगची सरासरी ०.२४३ वर आली.

मग लीगने नियमच आणला. २०२३ पासून पिचर बॉल सोडतो तेव्हा सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर हवेत आणि चौघांचेही दोन्ही पाय इनफिल्डच्या हद्दीत हवेत, मागे गवतात जायचं नाही. मोडला तर बॅटिंग टीमने ठरवायचं, आलेला निकाल घ्यायचा की पिचरच्या नावावर एक खराब बॉल मोजून घ्यायचा. क्रिकेटमध्ये बॉडीलाइनच्या वादानंतर बऱ्याच वर्षांनी लेग साइडला स्क्वेअरच्या मागे दोनहून जास्त फिल्डर नकोत असा नियम झाला, तसंच काहीसं, बॅटरने उत्तर शोधावं म्हणून थांबून थांबून शेवटी कायद्याने फिल्डर बाजूला केले.

फरक पडला? लीगची सरासरी २०२३ मध्ये ०.२४८ झाली. पाच पॉइंट. लोकांना जास्त अपेक्षा होती. टेक्सास रेंजर्सच्या कोरी सीगरचं उदाहरण सगळे देतात, २०२२ मध्ये दहापैकी नऊहून जास्त वेळा शिफ्ट लागायची, सरासरी ०.२४५, होमर ३३. २०२३ मध्ये होमर तेवढेच ३३ आणि सरासरी ०.३२७. दिसायला पुरावा पक्का. पण हाच सीगर २०२० मध्ये ०.३०७ आणि २०२१ मध्ये ०.३०६ खेळला होता, शिफ्ट तेव्हाही होतीच, मग २०२२ चा खड्डा सगळा शिफ्टने पाडला म्हणायला जीव धजत नाही.

आणि नियम फक्त इनफिल्डला बांधतो. २०२३ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्येच (सीझनआधीच्या सराव मॅच), नियम लागू होऊन आठवडाही झाला नसेल, मिनेसोटा ट्विन्सचा जोई गॅलो बॅटिंगला आला, डावखुरा, जबरदस्त ओढणारा. समोर रेड सॉक्स. त्यांनी एक आउटफिल्डर उचलला आणि राइट फिल्डच्या गवतात, नेमकं जिथे पूर्वी शिफ्टवाला सेकंड बेसमन उभा राहायचा तिथे आणून ठेवला, आणि मागे दोघंच आउटफिल्डर ठेवले. नियमात बसत होतं. लेफ्ट फिल्डमध्ये कुणी नव्हतं.